लॅपटॉप फायनल होईपर्यंत

७ ऑगस्ट, गुरुवार. साप्ताहिक सुट्टी.

आजपासून रोजनिशी. मोठे कलाकार लिहितात. कोणी वाचणार नाही, पण शिस्त लागते.

मुख्य बातमी: बाबा ३१ ऑक्टोबरला रिटायर होतायत. कराडकडून भोसरीला आले तेव्हापासून एकच कंपनी, एकच प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनचा विभाग. निरोप समारंभात मी स्वतः बनवलेलं गाणं वाजेल, असं आज जेवताना जाहीर केलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी एक भाकरी जास्त खाल्ली. हात धुताना म्हणाले, आरं, त्यात आमच्या प्रेसचा आवाज घे की, लई झ्याक ताल हाय तिचा.

घेणारच. फक्त लॅपटॉप पाहिजे. घरात बहिणीचा, स्वरूपाचा आहे, पण ती त्यावर शाळेच्या प्रश्नपत्रिका काढते. सहावी ब च्या भूगोलाशेजारी कला होत नाही. नवीन घ्यायचा. ऑगस्टमध्ये लॅपटॉप, सप्टेंबरमध्ये गाणं, ऑक्टोबर पॉलिशिंगला. वेळच वेळ आहे.

कलाकार म्हणून नाव ठरलं: धनेशचं डी-नेश. लोगोही करून झाला. म्हणजे निम्मं काम झालंच.

१२ ऑगस्ट. कंपनीच्या बसमध्ये, चाकणला जाताना.

लोक जाहिरात बघून लॅपटॉप घेतात. मी क्वालिटी डिपार्टमेंटचा माणूस. आम्ही सप्लायर जसा निवडतो तसाच लॅपटॉप निवडणार. एक्सेलमध्ये तक्ता केला: रॅम, प्रोसेसर, वजन, बॅटरी, फॅनचा आवाज. प्रत्येकाला मार्क. ज्याचे मार्क जास्त तो घरात.

शेजारी धम्मरत्न बसतो, आमच्याच डिपार्टमेंटचा. तोही गाणी करतो, पण त्याच्या लॅपटॉपच्या बिजागरीला सेलोटेप आहे. तक्ता बघून म्हणाला, भावा, सोळा जीबी रॅम बघ, कुठलाही घे आणि मोकळा हो. मी नुसता हसलो. अशा विचारांमुळेच आमच्याकडे रिजेक्शन वाढतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार.

चिंचवडच्या दुकानात गेलो. रेकॉर्डिंगच्या वेळी फॅनचा आवाज माइकमध्ये येता कामा नये, म्हणून कंपनीतलं आवाज मोजायचं यंत्र रीतसर गेटपास करून नेलं. दुकानातला सेल्समन सनी म्हणाला, सर, असं कस्टमर पहिल्यांदाच बघतोय. कौतुकाने म्हणाला असावा.

दुर्दैवाने मागच्या मैदानात ढोलपथकाची प्रॅक्टिस चालली होती. सगळ्या लॅपटॉपचं रीडिंग सारखंच आलं. सगळे फेल. गणपती झाल्याशिवाय मोजमाप शक्य नाही. आपल्या हातात काय आहे?

३० ऑगस्ट.

बाबांनी सुपरवायझरची परवानगी काढून स्वतःच्या मोबाइलवर प्रेसचा आवाज रेकॉर्ड केला आणि मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. ऐकायला घेतला. सुरुवातीलाच कोणीतरी शिंकलं. तिथेच बंद केला आणि डिलीट केला. स्टुडिओत असलं चालत नाही. बाबांना समजावलं की लॅपटॉप आला की चांगला माइक घेऊन मीच येईन. बाबा म्हणाले, व्हय व्हय, तुला कळतं त्यातलं.

मला कळतं, हे त्यांना कळतं. बरं वाटलं.

९ सप्टेंबर.

विजेता मिळाला! तक्त्यात सगळ्यात जास्त मार्क. संध्याकाळी आणायलाच निघालो होतो. आई दारात म्हणाली, कालपासून पितृपक्ष लागलाय, असलं काही नवं घरात आणू नकोस. मी विज्ञानवादी आहे, पण आईचं मन मोडवत नाही. चपला काढल्या.

स्वरूपा म्हणाली, गेल्या पितृपक्षात तू स्वतःला बूट घेतले होतेस. बूट वेगळे.

२३ सप्टेंबर.

पितृपक्ष संपला. शिवाय कालपासून टॅक्स कमी झाला, म्हणून थांबलो ते शहाणपणाचंच ठरलं, असं समजून दुकानात गेलो. टॅक्स कमी झाला तो टीव्हीच्या खरेदीवर. लॅपटॉपवर आहे तेवढाच आहे. आणि विजेता मॉडेल संपलं. सनी म्हणाला, सर, त्याच्याऐवजी नवीन आलंय, चांगलं आहे. नवीन म्हणजे तक्ता नव्याने. मॅकसाठी वेगळी शीट जोडली.

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर खचला असता.

१ ऑक्टोबर. खंडेनवमी.

बाबा कपाळभर कुंकू घेऊन घरी आले. शॉपमधली पूजा यंदा त्यांच्याच हातून झाली. प्रेसला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मग म्हणाले, तुझा लॅपटॉप आला असता तर त्याला बी आज कुंकू लावलं असतं, ते बी हत्यारच की.

मी कीबोर्डमध्ये कुंकू गेल्यास काय होतं ते सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वरूपाच्या लॅपटॉपला लावलं. तो अजून व्यवस्थित चालतो, असं ती दोनदा म्हणाली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.

बाबा कधी नव्हे ते माझ्या खोलीत आले. उभ्या उभ्याच म्हणाले, त्या लॅपटॉपमधला चांगला कुठला त्ये एका चिठ्ठीवर लिहून दे. त्यांनी रस घेतला याचा आनंद झाला. बसवलं आणि तक्ता उघडून पहिल्यापासून समजावलं. रॅमपाशी ते मान हलवत होते, फॅनपाशी डुलकी लागली. शेवटी म्हणाले, ते सगळं खरं, पण नाव लिही की एक. मी म्हटलं, बाबा, एक नाव लिहिण्याइतकं ते सोपं नाही. अजून फायनल नाही. चिठ्ठी न घेताच ते उठले.

साधी माणसं. सगळ्याचं उत्तर एका ओळीत हवं असतं.

२४ ऑक्टोबर.

आठवडा राहिला. घाबरायचं कारण नाही. गाणं आधी डोक्यात तयार होतं, लॅपटॉप नंतर. शब्द लिहायला बसलो. एक ओळ झाली: बाबा, तुम्ही बाबा आहात. अर्थ पक्का आहे, चाल बसली की खुलेल.

धम्मरत्न म्हणाला, मोशीला माझ्याकडे ये, एका बैठकीत उरकू. नाही म्हटलं. सेलोटेपच्या लॅपटॉपवर बाबांचं गाणं करायचं? स्वरूपाला वाटलं होतं मी हो म्हणेन. ती उठून प्रश्नपत्रिका काढायला गेली. टोमणे मारायची तेव्हा बरं होतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार.

जेवण झाल्यावर बाबांना सांगायचं ठरवलं. स्वच्छ सांगायचं, गाणं झालं नाही.

जेवण झालं. बाबा उद्याच्या शर्टाला स्वतः इस्त्री करत होते. इस्त्री दाबताना तोंडाने प्रेसचा ताल धरत होते. धाड, सुस्स, धाड. आईला म्हणाले, उद्या पोराचं गाणं वाजलं की माझ्याकडं बघू नगंस.

नाही सांगितलं. उठून गॅलरीत गेलो. इस्त्रीची वाफ सोसत नाही मला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार.

लिहायला हवं म्हणून लिहितो.

कंपनीच्या कँटीनमध्ये समारंभ. शाल, श्रीफळ, भाषणं. मग सूत्रसंचालक म्हणाले, आता चिरंजीव धनेश यांनी खास वडिलांसाठी तयार केलेलं गीत. टाळ्या. स्पीकरवाल्याने माझ्यासमोर वायर धरली. मी माइक घेतला आणि म्हटलं, काही टेक्निकल कारणामुळे. आणि माइक तसाच धरून उभा राहिलो. बाबा शाल घेऊन पहिल्या रांगेत बसले होते, चेहरा अजून ऐकायच्या तयारीतच होता.

मग तेच उठले. माइक माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, पोराचं काय चुकलं न्हाई, त्याच्याकडं हत्यारच न्हवतं.

त्यांच्या शॉपची रीत आहे, रिटायर होणाऱ्यालाच विचारतात, काय देऊ. आजवर सगळ्यांनी अंगठी घेतली. बाबांनी लॅपटॉप मागितला होता. कोणता, ते त्यांना सांगता आलं नाही, म्हणून सगळे मिळून मी खेटे घालायचो त्या सनीकडेच गेले आणि त्याने दिला तो आणला. बाबांनी खोका तिथेच माझ्या हातात दिला. म्हणाले, ह्यो घे, आता कर.

टाळ्या थांबेनात. खोक्याआड तोंड लपवायची सोय झाली एवढंच.

१ नोव्हेंबर.

खोका उघडला. माझ्या तक्त्यात हा शेवटून दुसरा आहे. सोळा जीबी. आवाज मोजायचं यंत्र लावलं, ढोलपथक नव्हतं, पास झाला. पुन्हा लावलं, पुन्हा पास. सॉफ्टवेअर टाकलं. पहिल्या फटक्यात चाललं. एक तरी दोष सापडायला हवा होता.

स्क्रीनवर एकच फाइल होती, नाव: प्रेस. बाबांनी सनीकडून टाकून घेतलेली. लावली. शिंक आली. या वेळी बंद केली नाही. शिंकेनंतर बाबांचा आवाज: गप रं, पोरगं गाणं करणाराय ह्याचं. त्यानंतर कोणी शिंकलं नाही, खोकलं नाही. शेवटपर्यंत नुसती प्रेस. धाड, सुस्स, धाड. खरंच झ्याक ताल आहे.

लॅपटॉप मिटला. रडू आलं. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

६ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळ.

बाबांनी लॅपटॉपच्या झाकणाला कुंकू लावलंय. आता त्यांना शिफ्ट नाही, बस पकडायची नाही, कुठे जायचं नाही. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसतात, हात मांडीवर ठेवून. आई चहा इथेच आणून देते. काल कामावरून आलो तर खुर्ची आधीच मांडलेली होती.

सॉफ्टवेअर उघडलंय. स्क्रीनवरची गाण्याची पट्टी कोरी आहे. कोणतं बटण आधी दाबायचं ते मला माहीत नाही. ऑगस्टपासून ते सोडून सगळं वाचलं.

बाबांनी आत्ता विचारलं, झालं का रं सुरू? मी म्हटलं, अपडेट चाललंय, वेळ लागेल. म्हणाले, लागू दे की, मी हाय.

अपडेट मघाशीच संपलंय. स्क्रीन जरा माझ्याकडे वळवून घेतलीय.