तिसरा नकाशा

४ मे १९९९, वर्तकनगर
आज विंडोजवरचा रणगाडा मॅकवरच्या रणगाड्याला दिसला! तीन आठवडे श्रीधरच्या डोंबिवलीच्या घरातला मॅक माझे आकडे उलटे वाचत होता. त्याच्या पडद्यावर माझा रणगाडा थेट जमिनीखाली. आज मोडेमवरून समोरासमोर आलो आणि पहिल्याच गोळ्यात त्याने मला उडवलं. लाइन सुटल्यावर फोन करून नुसता हसत होता. आमची गेमची कंपनी म्हणजे आम्ही दोघंच.

गेममधला तिसरा नकाशा सगळ्यांत भारी झालाय. कालवा, दोन पूल, वीटभट्टी. नंदू दिवाळीत सुट्टीवर आलेला तेव्हा जेवणाच्या टेबलाशी बसून त्याने कागदावर पेन्सिलीने काढून दिलेला. "ताई, रणगाडा असा उघड्यावर नाही उभा करत गं. बांधामागे घे." सख्खा भाऊ फौजेत रणगाडा चालवतो, मला पुस्तकं कशाला.

१५ मे
विंडोज आवृत्ती साइटवर टाकली. मॅकची दोन दिवसांत. मासिकाबरोबरच्या सीडीसाठीही पाठवली. कोणी खेळलंच नाही तर?

२८ मे
खेळतायत. कुठकुठल्या देशांतून. पण इथे बातम्यांत सीमेवरची लढाई, विमानं. नंदूचं पत्र तीन आठवडे नाही. बातम्या लागल्या की आई उठून उभीच राहते. मी गेम चालू ठेवून आवाज बंद करते. घरात गोळ्यांचा आवाज नको.

२ जून
एका खेळाडूची मेल. टोपणनाव फक्त, देश माहीत नाही. विचारतो, तिसरा नकाशा कुठला आहे? भट्टीजवळचा वाकडा पूल मी पाहिलाय असं वाटतं.

एवढंच. सीमेपलीकडचा असला तर? ही जागा खरी आहे का, हे मी नंदूला कधी विचारलंच नाही. वाकडा काढलान, मी वाकडा केला.

३ जून
डोंबिवलीला गेलेले. श्रीधर म्हणाला, "अगं, पूल सगळीकडे सारखेच."
"वाकडेपण?"
त्याने खुर्ची संगणकाकडे वळवली. मग सर्व्हरवरून नकाशा काढला, दोन्ही आवृत्त्या बदलल्या. पण ज्यांनी उतरवून घेतलाय त्यांचं काय? सीड्या छापून गेल्यात. मासिकवाला म्हणाला, आता काही करता येणार नाही मॅडम.

मेलला उत्तर दिलं नाही. न देणंच संशयाचं वाटेल का?

७ जून
नंदूला लिहायला बसले. दोनदा फाडलं. तिकडे पत्रं उघडतात म्हणे. लिहिलं तर तो अडकणार. नाही लिहिलं तर

९ जून
बाबांना सांगितलं. त्यांचं आयुष्य मोहने गावच्या कारखान्यात गेलं, कधी आवाज चढवला नाही. आजही नाही. "कागद आण." बराच वेळ बघत होते. मग बोट ठेवलं. "बांधामागे या फुल्या कसल्या?"
पाच फुल्या. गेममध्ये मी बरोब्बर तिथेच रणगाडे उभे केलेत.

१४ जून
नंदूचा फोन! जिवंत आहे, ठीक आहे. दोन मिनिटं, त्यातलं दीड आईने घेतलं. ती रडत बाजूला झाल्यावर मी हळूच, "नंदू, तू काढून दिलेला तो पूल..."
"कुठला पूल गं?"
मागे माणसं बोलत होती.
"ताई, आईला सांभाळ." ठेवला.
विसरला, की बोलता येत नव्हतं? आवाज त्याचाच होता, पण एकदम सपाट.

१६ जून
बाबा म्हणाले, चल. बाळकुमला त्यांच्या ओळखीचे एक निवृत्त मेजर राहतात. सगळं ऐकून घेतलं. कागद खिडकीजवळ नेऊन पाहिला. चेहऱ्यावरून काही कळेना. मी विचारलं, खरी जागा आहे का? त्यांनी कागदाची घडी घातली.

"मी वर कळवेन. तुमच्या मुलाची चौकशी होऊ शकते. कळवू?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, कळवा. तिथे आणखी चार रणगाड्यांतली माणसं असतील ना त्याच्यासोबत. मग त्यांनी नंदूची पलटण आणि नंबर विचारला. मी सांगितला. त्यांनी लिहून घेतला. कागद परत दिला नाही.

रिक्षाने घरी आलो. दार उघडताच आईने विचारलं, "सकाळपासून कुठे गेलेलात दोघं?"
बाबा चपला काढत म्हणाले, "हिला विचार."