पोत्यातली ऊब

दारव्हा, मंगळवार, कोजागिरीनंतरचा

पोत्यातली ती ऊब अजून हाताला जाणवतेय. परवा पाऊस येईल या भीतीनं आम्ही बियाण्याचं सोयाबीन अर्धओलंच पोत्यांत भरलं आणि वर ताडपत्री टाकली. आज संध्याकाळी मामाजींनी हाक मारली.

"सूनबाई, हात घालून पाह्य. गरम लागून राह्यलं. आतल्या आत सुकते वाटते."

हात घातला. नुकत्या उतरवलेल्या भाकरीसारखी ऊब. क्षणभर बरं वाटलं, मग कळलं, हे सुकणं नव्हे. ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, हे शाळेत मीच शिकवते. उन्हाची जी ताकद दाण्यात कोंबासाठी साठली होती, ती उष्णता होऊन निघून चालली होती.

सांगू की नको? घरचं बियाणं हा त्यांचा मान. विकतचं त्यांनी कधी पेरलं नाही.

सांगितलं. "मामाजी, ओला दाणा आपलंच अन्न जाळून राह्यला. हे आता उगवत नाही."

"म्हणजे आजारी हाय हे," एवढंच म्हणाले. हात मात्र पोत्यातच. तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावरून काढवत नाही ना, तसा.