नाव नोंदवायचं बटण

३ मार्च

एक बटण! आमच्या भागातल्या वृद्धाश्रमाच्या वेबसाइटवरचं टीचभर बटण, इंग्रजीत ‘साइन अप’. इथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी त्याचं स्पॅनिश करायला इतका खटाटोप? मी ‘इन्स्क्रीबासे’ दिलं. तिथल्या मॅडमना ते कॉलेजात प्रवेश घेतल्यासारखं वाटतं. ‘रेहीस्त्रेसे’ दिलं, तर पोलीस चौकी आठवते म्हणे. आठवू दे!

५ मार्च

‘अपूंतेसे’ पाठवलं. फार सलगीचं झालं म्हणे, सहलीला निघाल्यासारखं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं – अशी गत.

त्यात बाबा सारखे डोकावतात. त्या आश्रमात खोलीला खिडकी असते का? गप्पा मारायला कोणी असतं का? “बाबा, काम करू द्याल का जरा?” – ओरडलेच. मग त्यांनी गुपचूप स्वतःचा चहा स्वतः करून घेतला. वाईट वाटलं. पण उठले नाही मी, काम संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं.

६ मार्च

दादाचा फोन. आई गेल्यापासून तू एकटीच सगळं ओढतेयस, बाबांना अशाच एखाद्या ठिकाणी ठेवू या म्हणाला. ह्याचं काय जातं बोलायला! वर्षातून दोनदा येतो, पाहुण्यासारखा जेवतो. मी जिवंत असेपर्यंत बाबा ह्या घरातून हलणार नाहीत. सांगितलं तोंडावर.

९ मार्च

मॅडमना तिन्ही शब्द पुन्हा एकत्र पाठवले, कोणताही एक निवडा म्हटलं. डोकं फिरायची वेळ आलीय.

१० मार्च

फिरून फिरून भोपळे चौकात! मॅडमना शेवटी ‘इन्स्क्रीबासे’च पसंत. मग हा आठवडाभर माझं रक्त कशाला आटवलं?

बटण चालतं का हे बघायला आम्ही भाषांतरवाले नेहमी घरातल्याच कोणाचं तरी नाव टाकतो, नंतर वेबसाइटवाले ते पुसून टाकतात. मी बाबांचं टाकलं – नाव, वय, घरचा फोन. चाललं. सुटले एकदाची.

१३ मार्च

ते लोक नाव पुसायला विसरले! मॅडमचा मेसेज – तुमच्या वडिलांची खोली तयार आहे. कपाळावर हात मारला. फोन करून झापणार होते, अहो, ते चाचणीपुरतं होतं!

१३ मार्च, दुपार

फोन लावला. तुमचं काम संपलं म्हणून कळवलं, मॅडम म्हणाल्या. त्यांनी परवाच घरी फोन केला होता. बाबांनी उचलला. चुकून आलंय का नाव, असं मॅडमनी विचारलंही. बाबा म्हणाले, “नाही, माझंच आहे. सोमवारी येतो. फक्त पोरीला इतक्यात सांगू नका, तिचं काम चाललंय.”