रुसून नव्हे, फिरायला

आबेदा, सलाम आणि पुष्कळ प्रेम.

शाळा सुटल्यावर आपण पाणचक्कीच्या हौदात शाईचे हात बुडवून बसायचो आणि मासे बोटं हुंगून निघून जायचे, आठवतं? तुझे गुडघे कसे आहेत? मुलीकडे हैदराबादला करमतं का? मी ठणठणीत आहे. (बद्रीनं फोन केला तर हेच सांग. माझा मुलगा असून त्याचा माझ्यापेक्षा डॉक्टरवर विश्वास.)

तर हा बद्री मला पुण्याला न्यायला आलाय. इथल्या घरात भाडेकरू, मी त्याच्या सातव्या मजल्यावर. का, तर म्हणे, "आई, तुला आता एकटीनं चालता येत नाही." म्हटलं, बघच. मंगळवारी सकाळी निघाले. महमूद दरवाजा, खामचा पूल (नदी म्हणायची ती आपल्या मायेनं, बगळे मात्र अजून येतात), मग बेगमपुरा. भिंतीला हात टेकत, जुनी दारं बघत, अगदी सावकाश. इथंच चुकलं. बाईमाणूस बिनकामाचं हळू चालतं, हे आपल्या शहराला पटतच नाही. पिकल्या केसांची बाई थांबत थांबत चालली, म्हणजे घरातून रुसून निघाली.

भाजीवाल्या साळूबाईनं धरलंच. "लई बोलला का वो पोरगा?"

"नाही हो, फिरायला आलेय."

"व्हय, समद्या असंच म्हणत्यात. बसा."

रुसलेल्या बाईला उपाशी सोडायचं नाही आणि एकटी परत पाठवायचं नाही, ही तिथली रीत. एका दारातून चहा आला, दुसऱ्यातून खिचडी. मी चिडून इंग्रजीतसुद्धा सांगून पाहिलं (आपल्या शाळेतल्या सिस्टरांनी घोटून घेतलेल्या उच्चारांत), तर सगळ्या जास्तच हळहळल्या. "शिकल्याली हाय बिचारी!"

शेवटी गल्लीतल्या रिक्षावाल्या कय्युमनं रिक्षा काढली. "बैठो खाला, बेटे कू मैं समझाता." साळूबाई शेजारी बसली, मागून स्कूटरवर आणखी दोघी. बद्रीनं दार उघडलं तशी साळूबाई कडाडली, "आईला सांभाळाया जमत नाय व्हय रं? पुन्हा अशी दिसली तर अख्खा बेगमपुरा दारात आणीन!" कंपनीतला एवढा मोठा साहेब, "चुकलं, मावशी," म्हणाला. मला फार बरं वाटलं. तरी रविवारी निघायचंच म्हणतो. मी जाणार नाही.

तुझी,
वच्छला

ता. क. साळूबाई बरोबर होती. मी रुसूनच निघाले होते. पिशवीत दोन लुगडी आणि दंतमंजन होतं. तुझ्या बेगमपुऱ्यातल्या बंद घराच्या पायरीवर बसायला चालले होते.

दुसरा ता. क. कय्युम हैदराबादला सासुरवाडीला येतोय, पत्र तोच देईल. तुझ्या इथल्या घराची किल्ली त्याच्याच हाती दे. माझा फ्रिज, टीव्ही आणि सोफा बद्रीला. लोखंडी तवा साळूबाईला, तिनं मागितलाय. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण माझ्याबरोबर तुझ्या माडीवर (तुझी हरकत असेल तर आता सांगू नकोस). माझा नवा पत्ता बद्रीला, पण किल्ली माझ्या हातात पडल्यावर.