तीनच्या आत गाडी येत न्हाई

चैत्र, सोमवार, दिवेलागण

घरधनी सकाळी सहाला कौलं भरून कागलला गेलते. सहा कोस वाट, बैल नवा, बुजका. भरली गाडी तासाला कोसभर चालती, रिकामी दोन. म्या मधलं दीड धरलं, दोनला येत्याल म्हनलं. दोन वाजून गेलं, तरी न्हाईत. बाळाला पाजताना सारकी वाटंकडं बघत हुते.

सकाळची शाळा करून आलेली नणंद चंद्री काटवटीतल्या पिठावर रेघा वडून म्हनली, "वैनी, जाताना सहा तास, येताना तीन. तीनच्या आत कसं येत्याल?"

हळू चाललं तिथंच जास्ती येळ जातू, मला कसं सुचलं न्हाई? त्या रेघा मोडवंनात. केवढीशी पोर, डोस्कं केवढं.

सासूबाई म्हनल्या, "पोर लई शानी झाली. शाळा बास, तिचं लगीन बघूया."

सव्वातीनला गाडी दारात. सासूबाईंनी पिठावरच्या रेघा बघितल्या. मग चंद्रीला म्हनल्या, "उद्या कुठलं गनित हाय?"