शेवटच्या अक्षरावर आघात

वाई,
१४ डिसेंबर १९९६

चि. भार्गवी, अनेक आशीर्वाद.

तू आणि तुझे आईवडील खुशाल असाल. इथे थंडी कडाक्याची पडली आहे, माझे गुडघे कुरकुरतात, बाकी मी ठणठणीत. तुझी सायकल दर आठवड्याला पुसतो. तू सांगलीला गेलीस त्याला दीड वर्ष झालं. का गेलीस असं कुणी विचारलं की मला नेमका खोकला येतो.

एक गंमत सांगतो. म्हातारपणी मी जर्मन शिकलो. पुण्याहून टपालाने धडे मागवले, कॅसेटी आणल्या. हरणाबाई भांडी घासता घासता हसते. तीस वर्षं शाळेत वृत्तं शिकवली, तेव्हा वाटलं, कविता कुठल्याही भाषेतली असो, लघु-गुरू लावले की झालं. पण गण काही पडेनात. मग धड्यात कळलं, तिथे अक्षराची लांबी मोजत नाहीत, आघात मोजतात. जे अक्षर ठासून म्हणायचं, तिथे टेबलावर बोटाने ठोका द्यायचा.

हे सगळं कशासाठी ते तुला कळलंच असेल. अनीशच्या त्या वहीसाठी.

खंबाटकीच्या घाटात त्याची स्कूटर घसरली, माझं पोर गेलं, आणि चार दिवसांनी शिरवळच्या कारखान्यातून त्याचं सामान आलं. तिथल्या जर्मन यंत्रांसाठी तो ती भाषा शिकला होता हे मला ठाऊक होतं. अजून कविता करतो हे नव्हतं. मला तेव्हा नुसती अक्षरं लागत होती, आणि पानोपानी एकच नाव होतं. ॲना, ॲना, ॲना. तेराव्याला, पाहुण्यांसमोर, ती वही नाचवत मी तुला म्हणालो, "नवरा घरी धरून ठेवता आला नाही तुला." तू पिशवी भरलीस आणि एसटी धरलीस.

जर्मन शिकलो ते खरं तर पुराव्यासाठी. माझंच बोलणं खरं निघावं म्हणून.

गेल्या मंगळवारी एक कविता सबंध लागली. चार-चार ठोक्यांच्या ओळी, जोडीजोडीने यमक, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीच हाक, 'होर, ॲना'. ऐक, ॲना. पण यमक बसेना. वरच्या ओळीचा शेवट कधी 'दा', म्हणजे इथे. कधी 'ना', म्हणजे जवळ. कधी 'या', म्हणजे हो. जर्मन लोक ॲनामधलं पहिलं अक्षर ठासतात, आणि इथे चौथा ठोका पडत होता शेवटच्या अक्षरावर. मी लाल पेन्सिल उचलली. समासात 'यमक सदोष' असं लिहिलंसुद्धा. दहावीत असताना त्याची मराठी कविता मी अशीच लाल करून परत दिली होती. त्यानंतर त्याने मला एकही दाखवली नाही.

मग म्हटलं, एकदा त्याच्या ठोक्याने वाचून पाहू. मोठ्याने, शेवटचं अक्षर ठासून. मोरीतून हरणाबाई म्हणाली, "आवं अण्णा, सोताच्याच नावानं कशापायी हाका मारतायसा?"

भार्गवी, माझं बोट टेबलावर तसंच राहिलं.

लहानपणी कृष्णेच्या घाटावरून तो मला अशीच हाक मारायचा, शेवट लांबवून. इंग्रजी अक्षरांत 'ण' नाही. जर्मन बाईचं नाव काय आणि बापाचं काय, लिहायला एकच. आणि त्या भाषेत बापालाही 'तू'च म्हणतात. तूही मला अण्णाच म्हणायचीस. वही तुझ्या हातात दिली असती तर तू तेव्हाच ओळखलं असतंस. मी ती नुसती नाचवली.

शेवटच्या कडव्यात तो म्हणतो, मोजू नका, ऐका, अण्णा. यमक चोख आहे. पोराचं सगळंच चोख होतं, मी आता कुणाला सांगू?

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने सांगलीला येतो. वही तुझी आहे. चारचौघांत बोललो ते चारचौघांतच मागे घेईन. आईवडिलांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना बोलावून ठेव. दार उघडलं नाहीस तर ओट्यावर बसून वाचून दाखवीन.

खाली सही करायला हात धजत नाही. हेच नाव मी तुझी सवत म्हणून तुझ्या माथी मारलं होतं.

तुम्हा दोघांचा,
अण्णा