पेव उघडेपर्यंत कागद खालीच

अण्णा,

काल पेढीवर पुण्याहून एक तरुण आला होता. कॉम्प्युटरमध्ये आमच्या व्यवहारांची इतकी गर्दी झाली आहे म्हणे, की यंत्राला धाप लागते. तेव्हा जुन्या नोंदी उचलून वेगळ्या जागी हलवायच्या. तुम्ही दिवाळीनंतर जुने कागद रुमालात बांधून माळ्यावर चढवायचात, तेच हे. फक्त शिडी नाही आणि शिंका नाहीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काल तुमचा नियम निघालाच, आणि निघाला तो तिच्या तोंडून.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. वाईहून संस्कृत शिकून मी सांगलीला परतलो, आणि हळदीच्या ज्या पेढीवर तुम्ही दिवाणजी होतात, तिथेच मला पत्रव्यवहारावर बसवलंत. त्याच सुमारास ती आली. तासगावकडची, सुभेदाराची मुलगी, मॅट्रिक होऊन टायपिंग शिकलेली, आणि आवाज असा की पेढीत बोलली तर बाजारात भाव हलावा. माळ्यावर कागद चढवायचे दिवस आहेत. तुम्ही रुमालांवर 'चालू' आणि 'संपलं' अशा चिठ्ठ्या लावताय. मी आपलं भाषा सुधारून सुवाच्य अक्षरात 'प्रचलित' आणि 'समाप्त' लिहून देतो. ती चिठ्ठी उचलते आणि म्हणते, "आवं अण्णा, ह्ये समाप्त वाचून मला वाटलं, आता परसाद वाटत्यात!" तुम्ही हसलात. अण्णा, मी तुम्हाला पेढीवर हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग डोळे पुसून मला म्हणालात, "तुझं लिहिणं पत्रात शोभतं. दप्तराला हात लावू नकोस." आणि रुमाल तिच्यापुढे सरकवलात.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलोही असतो. पण तुम्ही तिला हरिपूरला नेलंत, पेवं दाखवायला. जमिनीखालच्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षं कशी राहते, हे पाहायचा हट्ट मी लहानपणापासून करत होतो. दर वेळी तुम्ही म्हणालात, आत हवा वाईट असते. तिच्यासाठी ती हवा बरी सुधारली! परत येऊन ती आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसली, आणि आई दडपे पोहे वाढत असताना हात हलवून सगळं सांगू लागली. "अण्णा म्हनले, पोरी, हळद आत हाय तवर तिचा कागद खाली, आपल्या हाताशी. कागदाचं वय इचारायचं न्हाई. काम संपलं का, येवढंच इचारायचं." आईनं तिला पुन्हा वाढलं. माझ्या ताटलीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तुमचा धडा मी असा शिकलो, दुसऱ्याला दिलेला, पोह्यांच्या वासात, चोरून ऐकून.

आता ती पेढीची व्यवस्थापक आहे. मी अजून पत्रंच लिहितो. फक्त त्यांना आता मेल म्हणतात. काल तो तरुण म्हणाला, सात वर्षांपूर्वीचं सगळं एकदम हलवू. मी तोंड उघडलं, पण ती माझ्याआधी बोलली. "वय काय बघताय? हरिपूरला काही माल त्याच्याआधीपासनं पेवात हाय. त्याची नोंद हलवली, तर उद्या मालक दारात आल्यावर काय दावणार?"

मी म्हणालो, "हा नियम आमच्या अण्णांचा."

"व्हय, तुमच्याच अण्णांचा," ती म्हणाली. तरुणानं विचारलं, "मग पेव उघडून माल गेला, की हलवायचं ना?" तिनं माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना इचारा. त्ये ह्यांचं खातं."

इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दप्तराचा प्रश्न माझ्यापुढे आला. माझे कान तापले. पण उत्तर मला ठाऊक होतं, कारण माल घेणाऱ्यांशी पत्रव्यवहार मीच रोज करतो. मी सांगितलं, माल जाऊन भागत नाही. घेणाऱ्याचं 'पोचलं, तक्रार नाही' असं उत्तर आलं, की मगच व्यवहार मिटला. तोवर नोंद हलवायची नाही. तरुणानं ते लिहून घेतलं.

डोळे अर्धे मिटून, हनुवटी जराशी डावीकडे नेऊन, तिनं एकदाच मान हलवली. हुबेहूब तुमची मान. काम पसंत पडलं की तुम्ही हलवायचात ती; माझ्या वाट्याला कधी न आलेली. आली ती अशी, तिच्या खांद्यावरून. मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात आलं ते एवढंच, की हीसुद्धा तुम्ही तिलाच देऊन गेलात.

घरी येऊन आरशासमोर तशी मान हलवून पाहिली. मान आखडल्यासारखी दिसत होती. बायकोनं तेल गरम करून आणलं.

हे पत्र धाडायची सोय नाही, ते बरंच आहे. तुम्ही ते तिलाच वाचायला दिलं असतंत.